‘काही झालं नाही ना, मग लिहू नका’: नव्या इन्चार्ज सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. जिल्हा रुग्णालयातल्या एका सिस्टरना नुकतीच परिसेविका म्हणून पदोन्नती मिळाली आणि स्त्री वैद्यकीय वॉर्डाचा चार्ज त्यांच्याकडे आला. मंजूर खाटा ३०, प्रत्यक्षात पेशंट ४८, रात्री स्टाफ (नर्स) दोन. मागच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाआधी एका आजींचं इन्सुलिन दुसऱ्याच आजींना दिलं गेलं. दोघींचं पहिलं नाव एकच. साखर ५२ पर्यंत उतरली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं आणि सकाळी आजी चहा मागायला लागल्या. आता वॉर्डातली जुनी मंडळी म्हणतात, ‘काही झालं नाही ना, मग लिहू नका, इंजेक्शन देणाऱ्या पोरीचं प्रोबेशन आहे.’ सिस्टर विचारतात: लिहू का? घरच्यांना सांगू का? आणि एवढ्या स्टाफमध्ये वॉर्ड सुरक्षित चालवायचा तरी कसा?

लिहा. घरच्यांना सांगा. आणि त्या मुलीच्या पाठीशी उभ्या राहा. या तीन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं तुम्हाला कुणीतरी भासवलंय, पण तसं नाही. सरकारी रुग्णालयात अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं एका खासगी रुग्णालयात एनएबीएचच्या (रुग्णालयाच्या दर्जाच्या मान्यतेच्या) तयारीचं काम केलं. दोन्हीकडे वॉर्ड बिघडायची सुरुवात मी एकाच जागी पाहिली. चूक सगळीकडेच होते. ज्या वॉर्डातल्या कागदावरचं आणि खाटेवरचं जुळेनासं होतं, तो वॉर्ड हातातून गेलेला असतो. इन्चार्ज म्हणून तुमचं पहिलं काम, माझ्या मते, वॉर्डातला कागद खरा ठेवणं हे आहे. इंडेंट (सामानाची मागणी), डाएट, सेन्सस (पेशंटची मोजणी), लिनन ही सगळी त्यानंतरची कामं.

आधी त्या रात्रीबद्दल.

त्या स्टाफला बोलवा, पण ‘अशी कशी चूक केलीस?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला रडणं किंवा खोटं बोलणं, दोनच उत्तरं असतात. तिला विचारा: इन्सुलिन भरलंस तेव्हा कुठं उभी होतीस? हातात काय होतं, ट्रीटमेंट शीट की चिठ्ठी? दुसरी स्टाफ कुठं होती? आजींना नाव कसं विचारलंस? मी तिथं नव्हते, पण अशा प्रकरणांत बहुतेक वेळा जे निघतं ते सांगते. संध्याकाळी ऑक्सिजनच्या पॉइंटसाठी एका आजींना १४ वरून १७ वर हलवलेलं असतं. कागदावर बदल होतो, पण इन्सुलिनची यादी वेगळ्या वहीत, तीही बेड नंबरवर केलेली असते. दुसरी स्टाफ सीटी स्कॅनला पेशंट घेऊन गेलेली असते. आणि नाव विचारण्याऐवजी ‘शांताबाई ना तुम्ही?’ असं विचारलं जातं. कानानं अधू, गुंगीत असलेल्या म्हाताऱ्या बाईला काहीही विचारा, ती ‘हो बाई’च म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असंच विचारायचं, आणि मनगटावरच्या पट्टीवरचं नाव व आयपीडी नंबर (भरती होताना मिळालेला) शीटशी ताडून पाहायचा. बेड नंबर ही पेशंटची ओळख नाही. हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात आणि पहिल्या नाईटला आपण विसरतो, कारण फ्लोअर बेड वाढले की नंबरसुद्धा ‘१४ अ’, ‘१४ च्या खाली’ असे होतात.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर उद्या सकाळी वॉर्डाचा फ्रिज आणि सिरिंजचा ट्रे स्वतः उघडून पाहा. आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या व्हायल (बाटल्या) अजून सर्रास येतात आणि १०० युनिटच्याही येतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. १०० ची व्हायल ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरली की पेशंटला २० नाही, ५० युनिट जातात. उलट केलं तर २० ऐवजी ८ जातात, आणि दुसऱ्या दिवशी साखर उतरली नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. ट्रेमध्ये दोन्ही सिरिंजा एकत्र पडलेल्या असतील तर तुमची पुढची घटना तिथं तयार होऊन बसली आहे. एकच प्रकार ठेवा. स्टोअरकडून दुसरा आला तर परत पाठवा, आणि परत पाठवल्याची नोंद इंडेंट बुकात करा.

आता लिहायचं कसं. केसपेपरवर फक्त घडलेलं लिहायचं: किती वाजता, कोणतं इन्सुलिन, किती युनिट, कुणाला दिलं गेलं, कधी लक्षात आलं, साखर किती होती, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, काय उपचार झाले, त्यानंतर दर तासाची साखर किती. कुणामुळे, का, कोण दुर्लक्ष करत होतं, यातलं काहीही केसपेपरवर नको. ते घटना अहवालात जातं. तो वेगळा कागद, तुमच्या सहीनं अधिसेविकांकडे आणि त्यांच्यामार्फत वर. ज्या आजींचा डोस चुकला त्यांच्या कागदावरही नोंद लागते, हे हमखास राहून जातं. त्यांना त्या रात्री इन्सुलिन मिळालं का, उशिरा मिळालं का, साखर किती होती?

नोंद आता करत असाल तर आजचीच तारीख, आत्ताची वेळ टाका आणि ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहा. मागची तारीख टाकून ओळींच्या मधे घुसवू नका. खोडायचं असेल तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. व्हाइटनरची बाटली वॉर्डात असेल तर आजच ऑफिसला देऊन टाका. कोर्टात चुकीपेक्षा व्हाइटनरच जास्त भोवतं.

घरच्यांना सांगणं हा भाग सगळ्यांना नको असतो. हे त्या मुलीला एकटीला करायला लावू नका, आणि तुम्हीही एकट्या करू नका. उपचार करणारे फिजिशियन बोलतील, तुम्ही शेजारी असाल. वऱ्हांड्यात नको, खुर्चीवर बसून. शब्द साधे ठेवा: “आईंना परवा रात्री एक इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं, ते त्यांच्यासाठी नव्हतं. त्यामुळे साखर कमी झाली. अर्ध्या तासात लक्षात आलं, ग्लुकोज दिलं, रात्रभर साखर तपासली. आता त्या ठीक आहेत. आम्हाला याचं वाईट वाटतं. असं कसं झालं ते आम्ही तपासतोय आणि त्यातून जे निघेल ते तुम्हाला सांगू.” यातला ‘परवा रात्री’, ‘अर्ध्या तासात’ वगैरे तपशील तुमच्या नोंदीप्रमाणे बदला. ‘किरकोळ होतं’ असं आपण म्हणायचं नाही, ते त्यांनी ठरवायचं. मुलगा चिडेल. चिडू द्या. दुसऱ्या पाळीतल्या मावशींकडून त्याला हे चार दिवसांनी कळलं, तर तो नुसता चिडून थांबणार नाही, आणि त्या वेळी तुमच्या बाजूनं बोलायला काहीच उरलेलं नसेल. चिडणं मारहाणीवर गेलं तर २०१० चा राज्याचा कायदा परिचारिकांनाही लागू आहे. हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मन मोकळं करून ओरडणं म्हणजे हल्ला नव्हे, हेही स्टाफला सांगून ठेवा.

राहिली ती मुलगी. तिचं प्रोबेशन वाचवायचा मार्ग अहवाल दडवणं हा नाहीच. अहवालात बेड बदलला होता, यादी बेड नंबरवर होती, ४८ पेशंट होते, दुसरी स्टाफ सीटीला गेली होती, हे सगळं लिहिलं तर ती त्या रात्रीचा एक भाग ठरते. काहीच लिहिलं नाही आणि पुढे प्रकरण उघडं पडलं, तर ती एकटीच उरते. मुद्दाम केलेलं, नशेत केलेलं, किंवा माहीत असून नियम धाब्यावर बसवलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मीही कारवाईच सुचवेन. ही ती गोष्ट नाही. अजून एक: चूक कुणाच्या लक्षात आली? तिच्याच आली असेल आणि तिनंच डॉक्टरांना बोलावलं असेल, तर हे वाक्य अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात असलं पाहिजे. आजी वाचल्या त्या तिनं तोंड उघडलं म्हणून. वॉर्डातल्या बाकीच्या पोरी आता बघतायत की तोंड उघडणारीचं काय होतं.

कायद्याची भीती घालणारे तुम्हाला भेटतील, म्हणून दोन प्रकरणं माहीत असू द्या. पहिलं स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचं, सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल. डिसेंबर १९९३ मध्ये टायफॉइडसाठी दाखल असलेल्या लहान मुलाला परिचारिकेनं लॅरिआगो, म्हणजे क्लोरोक्विन, शिरेतून दिलं. मूल आईच्या मांडीवरच कोसळलं, मेंदूला कायमची इजा झाली. शिरेतलं इंजेक्शन स्वतः द्या असं वरिष्ठांनी रेसिडेंट डॉक्टरांना सांगितलेलं होतं, त्यांनी ते परिचारिकेवर सोडलं, आणि ती परिचारिका नोंदणीकृतसुद्धा नव्हती. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख भरपाई रुग्णालयाच्या अंगावर आली. मी हे प्रकरण शिकवायची ते भरपाईच्या आकड्यासाठी नाही. वरिष्ठांनी सांगितलं, मधल्यानं खाली ढकललं, खालच्या माणसाची पात्रता कुणी पाहिली नाही, ही सगळी साखळी आपल्या वॉर्डात रोज चालते. तुम्ही इन्चार्ज आहात म्हणजे मधली कडी तुम्ही आहात. कुणाला काय काम देता याचा जाब तुमच्याकडेच येणार. जीएनएमच्या (नर्सिंग शिकणाऱ्या) पोरी वॉर्डात आल्या म्हणजे स्टाफ वाढला असं धरून ड्यूटी लावू नका. मावशींनी सक्शन करायचं नाही, नळीतून फीड द्यायचं नाही, कितीही वर्षं ‘येतं त्यांना सगळं’ असलं तरी.

दुसरं भंडाऱ्याचं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली, सात वाचवता आली. त्यानंतर कारवाई वरपासून कंत्राटी परिचारिकांपर्यंत झाली, आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो दोन परिचारिकांवर. दोष कुणाचा हे मी इथं ठरवत नाही. पण असं काही झालं की रात्री ड्यूटीवर कोण होतं हा पहिला प्रश्न असतो. वायरिंगबद्दल, यंत्रांबद्दल, अपुऱ्या माणसांबद्दल आधी कुणी काय लिहून दिलं होतं, हा प्रश्न फार उशिरा येतो, आणि तेव्हा दाखवायला कागद लागतो.

त्या कागदाकडेच येते. तुमच्या वॉर्डातली टीपीआर (ताप, नाडी, श्वास) शीट घ्या आणि श्वासाचा रकाना वरून खाली वाचा. मी पैजेवर सांगते, २०, २०, २०, १८, २०. निमोनियाची बाई, हार्ट फेल्युअरची बाई, उद्या डिस्चार्ज होणारी मुलगी, सगळ्यांचा श्वास २०. कुणीही पूर्ण मिनिटभर छाती पाहिलेली नसते. तापमान मोजलं जातं, बीपी यंत्र मोजतं, पल्स ऑक्सिमीटर दाखवतो. श्वास मात्र नजरेनं मोजावा लागतो, म्हणून तो कल्पनेनं लिहिला जातो. आणि बिघडणारा पेशंट सगळ्यात आधी श्वासातूनच सांगत असतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१७ ची न्यूज-२ नावाची गुणपद्धत आहे. तिच्यात श्वास १२ ते २० असला की शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, २५ किंवा त्याहून जास्त झाला की तीन. बाकीच्या मोजमापांचे गुण धरून एकूण पाच झाले की डॉक्टरांनी तातडीनं पाहायचं, सात झाले की आणीबाणी. म्हणजे आपण सवयीनं लिहितो तो २० बरोब्बर शून्यात बसतो! अशा शीटवर कितीही चांगली गुणपद्धत लावा, ती ‘सगळं आलबेल’च म्हणणार.

स्टाफ खोटं लिहिते ती आळशी म्हणून नाही. रकाना रिकामा दिसला की राउंडला बोलणी बसतात आणि भरलेला दिसला की कुणी काही विचारत नाही, म्हणून. हे तुम्हीच बदलू शकता. वॉर्डात जाहीर करा: घेतलं नसेल तर ‘घेतलं नाही’ लिहा, कारण लिहा, त्यासाठी मी कुणाला बोलणार नाही. न घेता लिहिलेलं सापडलं तर मात्र बोलेन. पहिले दोन आठवडे शीट भयानक दिसेल. मेट्रन मॅडमना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच राउंडला तुमचा उत्साह मावळेल.

आता स्टाफचं गणित. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात सामान्य वॉर्डासाठी शिकवण्याच्या रुग्णालयात ३ पेशंटमागे १ परिचारिका आणि इतर रुग्णालयांत ५ मागे १, वर ३० टक्के रजा-राखीव. हा चोवीस तासांचा आकडा आहे. तुमच्या ३० मंजूर खाटांना ६, त्यावर राखीव धरून आठ. तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की रात्री दोन उरतात. म्हणजे कागदोपत्री तुमचा वॉर्ड भरलेला आहे! वरचे १८ पेशंट या हिशेबात कुठेच नाहीत. ‘स्टाफ द्या’ असं मोघम पत्र देऊन काही होत नाही, तशी पत्रं ऑफिसात गठ्ठ्यानं असतात. रोज रात्री १२ चा सेन्सस घ्या. त्यात पेशंट किती, ऑक्सिजनवर किती, पूर्ण अंथरुणावर किती, रक्त चालू किती, स्टाफ किती, हे एका ओळीत लिहा. महिनाभराच्या तीस ओळी एका पानावर मावतात. त्या पानासकट पत्र द्या. अशा पत्रांना स्टाफ मिळतोच असं नाही, मला कित्येकदा मिळाला नाही. पण एकदा त्यातून रात्रीपुरती एक फिरती स्टाफ मंजूर झाली होती, तेवढ्यावरही सहा महिने वॉर्ड हलका चालला.

तोवर ४८ पेशंट आणि दोन जणी. इथं एक अप्रिय गोष्ट आहे जी कुठल्याच शासकीय परिपत्रकात सापडत नाही. रात्री सगळं काम होणार नाही, काहीतरी राहणारच. काय राहणार हे आज तुमच्या वॉर्डात रात्री दोन वाजता एक घामाघूम झालेली तेवीस वर्षांची मुलगी एकटी ठरवते आणि सकाळी झाकते. हा निर्णय तुम्ही दिवसा, फिजिशियनना बरोबर घेऊन, लेखी ठरवा. माझ्या वॉर्डात असं होतं: तीन दिवस स्थिर असलेल्या पेशंटचं रात्री २ चं टीपीआर नाही घेतलं तरी चालेल, रजिस्टरची नक्कल रात्री करायची नाही, डिस्चार्जचे कागद सकाळी. पण अँटिबायोटिक आणि इन्सुलिनची वेळ, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणं, लाल यादीतल्या (ती काय ते पुढे सांगते) पेशंटचा श्वास आणि बीपी, रक्त चालू असलेल्या पेशंटजवळची पहिली १५ मिनिटं, यातलं काहीही सुटायचं नाही. सुटलं तर तुम्हाला फोन, घरी असलात तरी. नीतिशास्त्राच्या तासाला न्याय म्हणून जे शिकवतात ते वॉर्डात हे असतं: अपुरं आहे ते कुणाला आधी द्यायचं, हे उघडपणे ठरवणं.

लाल यादी म्हणजे फार काही नाही. संध्याकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवताना) ४८ पैकी जे पाच-सहा पेशंट रात्री बिघडू शकतात त्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात. वाटणी बेडवर करू नका. ‘१ ते २४ तुझे, २५ ते ४८ माझे’ यात कधी कधी सगळे गंभीर एकीकडेच येतात. आधी लाल नावं दोघींत वाटा, मग बाकीचे. ओव्हर टेबलाशी बसून नको, खाटेशी. निदान लाल यादीचा तरी खाटेशी उभं राहूनच. सलाईनच्या बाटलीवरची पट्टी, कॅथेटरची पिशवी, इन्फ्युजन पंपावरचा आकडा हे दोघींनी मिळून पाहिलं की निम्मी भांडणं संपतात. ‘माझ्या ड्यूटीत असंच होतं’ हे वाक्यच ऐकू येत नाही.

डॉक्टरांशी बोलण्याचं सांगते, कारण तुम्ही विचारलं नाही तरी रात्रीचे बहुतेक घोटाळे फोनवर होतात. एक फोन असा असतो:

“सर, सतरा नंबरची पेशंट जरा बरी वाटत नाहीये.”
“बीपी किती?”
“बघून सांगते सर.”
“बरं, बघ आणि सांग.”

झालं. डॉक्टर झोपले, पेशंट तिथंच. दुसरा फोन असा:

“सर, फीमेल मेडिकलमधून स्टाफ बोलतेय. बेड १७, वय ६२, निमोनिया, आज दुसरा दिवस. श्वास २८, ऑक्सिजन चालू असून सॅच्युरेशन ८९, बीपी ९० बाय ६०, दुपारी १२० होतं. नाव विचारलं तर उलटसुलट बोलतायत. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत ऑक्सिजन वाढवू का, दुसरी लाइन घेऊन ठेवू का?”

आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज, मग मागणी. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यात आलेली ही पद्धत एसबार नावानं ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलेली असते. शेवटचे दोन भाग आपल्या पोरींच्या तोंडून निघत नाहीत. ‘मला वाटतंय’ म्हणायची भीती असते, आणि ‘या’ म्हणायची त्याहून जास्त. म्हणून फिजिशियनच्या सहीनं एक ओळ वॉर्डात लावून घ्या: कॉल दिल्यावर १५ मिनिटांत डॉक्टर आले नाहीत तर दुसरा कॉल, आणखी १५ मिनिटांनी थेट फिजिशियनना. वेळा कॉल बुकात. ही ओळ लावलेली असली की रात्री अडीचला वरच्यांना उठवायला धाडस लागत नाही, ती नुसती नियम पाळत असते.

फोनवरची ऑर्डर घ्यावीच लागली तर लिहून घ्यायची, मग वाचून दाखवायची, आकडा फोडून: ‘फिफ्टीन, एक-पाच’. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. शक्य असेल तर दुसऱ्या स्टाफनं स्पीकरवर ऐकायचं, आणि २४ तासांच्या आत डॉक्टरांची सही. व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर शीटवर उतरून सही झाल्याशिवाय ऑर्डर नाही. तो फोन उद्या त्यांच्याबरोबर घरी जातो.

आणि काही ऑर्डरी फोनवर घ्यायच्याच नाहीत. पोटॅशियम क्लोराइडचं (केसीएल) १० मिलीचं १५ टक्के अँप्यूल हातात घेऊन पाहा. त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. कित्येक कंपन्यांचं अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलं तर रात्रीच्या उजेडात फरक कळत नाही. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं आणि परत आणायला फार थोडा वेळ मिळतो. ते ट्रॉलीवरून आजच काढा, कुलपात ठेवा, वेगळं लेबल लावा, पातळ केल्याशिवाय वॉर्डात कुणाच्या हातात जाणार नाही असं करा. कुणी डॉक्टर घाईत ‘केसीएल पुश कर’ म्हणाले तर काय करायचं, हे स्टाफला आजच सांगा: “सर, हे मी पुश करणार नाही. सलाईनमध्ये घालून किती वेगानं द्यायचं ते लिहून द्या.” आवाज न चढवता. पुन्हा सांगितलं तरी हेच. मग फिजिशियनना आणि तुम्हाला फोन. ऑर्डर नाकारण्याचा अधिकार परिचारिकेला आहे का, असं मला नेहमी विचारतात. धोकादायक दिसणारी ऑर्डर डोळे मिटून दिली तर ‘डॉक्टरांनी सांगितलं होतं’ हा बचाव पुरत नाही, एवढं पुरे. पण नाकारलं आणि गप्प बसलं हेही चालत नाही. नाकारलं, कळवलं, लिहिलं, तिन्ही लागतं.

ज्येष्ठ स्टाफ ऐकत नाही हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज ड्यूटी लावायची, हे अवघड आहेच. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो ड्यूटी लिस्टमध्ये आहे. गौरी-गणपतीची, दिवाळीची सुट्टी गेल्या वर्षी कुणाला मिळाली, सलग नाइट कुणाला लागल्या, याची वही ठेवा आणि ती सगळ्यांना बघू द्या. आपल्या गावच्या, आपल्या बॅचच्या, आपल्या जातीच्या पोरींना मॉर्निंग आणि बाकीच्यांना नाइट, हे आपल्याकडे चालतं, लपून नाही चालत. असा वॉर्ड असेल तर वर मी सांगितलेलं काहीही उभं राहणार नाही. ज्या बाईला तुम्ही ड्यूटीत फसवलंत ती तुम्हाला रात्रीची चूक कशाला सांगेल? एखादी ज्येष्ठ तरीही अडून बसली तर तिला वॉर्डातलं एखादं खरं काम पूर्ण सोपवा, उदाहरणार्थ नव्या पोरींना रक्त लावायच्या आधीची दोघींची तपासणी शिकवणं. मान हवा असतो, तो कामातून द्या. तेही नाही जमलं तर लेखी समज, आणि वेळ त्यात घालवू नका.

अहवालाचं शेवटचं. साध्या कागदावर चालेल, तुमच्याकडे छापील नमुना नसेल तर. एक पान पुरे: काय घडलं, पेशंटची स्थिती, लगेच काय केलं, कोणत्या गोष्टी जुळून आल्या, वॉर्डानं आजपासून काय बदललं, वरून काय हवं. ‘आजपासून काय बदललं’ यात तीनच गोष्टी लिहा ज्या तुम्ही खरंच केल्यात: इन्सुलिनची यादी नाव आणि आयपीडी नंबरवर आणली, एकाच प्रकारच्या सिरिंजा ठेवल्या, बेड बदलला की सगळ्या नोंदींत बदल आणि दोघींच्या सह्या. ‘स्टाफला समज देण्यात आली’ हे वाक्य लिहू नका. ऑफिसला ते फार आवडतं, आणि ते वाचलं की बाकीचं कुणी वाचत नाही. दोन प्रती घेऊन अधिसेविकांकडे स्वतः जा. त्या म्हणतील, ‘ठेवून जा, बघते.’ एक ठेवा. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका, क्लार्क जेवायला गेला असेल तर थांबा.